काचेसारखा पारदर्शक बर्फ घरच्या फ्रीजरमध्ये: माझा अनुभव

लक्षण असं: ट्रेमधला बर्फ मधोमध पांढरा, ग्लासात पडताच तडकतो. कोकम-फेणीचा लाल रंग त्यात अगदी मळकट दिसायचा. पाणी एकदा उकळून, दोनदा उकळून, आरओचं घेऊन पाहिलं. फरक नावापुरताच. वैताग आला होता.

खरी गोम गोठण्याच्या दिशेत आहे. ट्रेमध्ये थंडी चहूबाजूंनी आत शिरते, त्यामुळे विरघळलेली हवा आणि क्षार मधे कोंडतात. थंडी फक्त वरून दिली, तर ते खाली ढकलले जातात. अमेरिकेतले कॉकटेल-लेखक कॅम्पर इंग्लिश यांनी 2009 मध्ये ही पद्धत लोकांपुढे आणली.

फ्रीजरमध्ये मावेल असा जाड भिंतींचा छोटा आइसबॉक्स घ्या. झाकण काढूनच ठेवा, सगळी किमया त्यातच आहे. साधं पिण्याचं पाणी भरा, वर दोन बोटं जागा सोडा. उणे 18 अंशांना साधारण 18 ते 24 तासांनी, तळाशी थोडं पाणी शिल्लक असतानाच बाहेर काढा. बॉक्स सिंकमध्ये उपडा करा. लादी आपोआप सुटते.

आता घाई नको. लादीवरचं पांढुरकं दव जाऊन ती ओली, चकचकीत दिसेपर्यंत बाहेर राहू द्या. थंडगार लादीवर सुरी लावली की चिरा पडतात. मग पावाच्या दातेरी सुरीने खाच पाडा, सुरी खाचेतच ठेवून पाठीवर लाटण्याने हलके ठोका. तुकडा सरळ रेषेत सुटतो. तळाचा धुरकट भाग असाच उडवा. तयार ठोकळे सुटे सुटे ठेवून पुन्हा गोठवा आणि मग डब्यात भरा.