सॅन अँड्रियास नवीन विंडोजवर बिघडला? आधी या चुका टाळा

जीटीए सॅन अँड्रियास हा जुना गेम भाचा अजून खेळतो. मागे त्याचा फोन आला, "मामा, गेम चालू होतोय, मेनूत माऊस नीट हलतोय, पण खेळायला गेलं की सीजे, म्हणजे गेमचा हिरो, मानच वळवत नाही." लॅपटॉपवर आदल्या रात्री विंडोज ११ चं मोठं अपडेट येऊन गेलेलं. मला फोन करायच्या आधी पठ्ठ्याने काय काय केलं होतं ते ऐका, गेम दोनदा काढून परत टाकला, कंपॅटिबिलिटीच्या टॅबमधे (जुने प्रोग्राम नव्या विंडोजवर चालवायच्या सेटिंग्ज) जेवढे चौकोन दिसले तेवढ्यांवर टिक मारली आणि कुठूनतरी "ऑल इन वन फिक्स" नावाची झिप आणून गेमच्या फोल्डरमधे ओतली. आता मूळ बिघाड कुठला आणि याने केलेला कुठला हे ब्रह्मदेव आला तरी सांगू शकणार नाही.

तर पहिली चूक म्हणजे काही झालं की गेम काढून परत टाकायचा. सॅन अँड्रियास पीसीवर आला २००५ साली, आणि तो त्याच्या सेटिंग्ज गेमच्या फोल्डरमधे ठेवतच नाही, त्या असतात डॉक्युमेंट्समधल्या "जीटीए सॅन अँड्रियास यूजर फाइल्स" या फोल्डरमधे. तुम्ही गेम दहा वेळा टाका, ते फोल्डर तिथेच राहतं आणि नवा गेम येऊन तीच जुनी बिघडलेली फाइल वाचतो. मेनूत माऊस चालतो आणि आत चालत नाही असं झालं की गेम बंद करून त्या फोल्डरमधली "जीटीए_एसए डॉट सेट" ही एकच फाइल उडवा, गेम परत चालू केला की ती नव्याने बनते. भाच्याचा माऊस एवढ्यानेच चालू झाला. बटणं मात्र परत सेट करावी लागतात, तेवढं सोसा. आणि ते फोल्डर सापडत नसेल तर वनड्राइव्हमधे बघा, बॅकअप चालू असला की डॉक्युमेंट्स तिकडे गेलेलं असतं.

एकच फाइल म्हणजे एकच फाइल बरं का! मी शहाणपणा करून एकदा पूर्ण फोल्डर शिफ्ट डिलीट केलं होतं, तेव्हा लक्षात आलं की सेव्ह केलेले गेम पण तिथेच असतात. गेममधल्या लास व्हेंचुरास शहरापर्यंत पोचलो होतो राव. परत पहिल्यापासून, ग्रोव्ह स्ट्रीटवर सायकल मारत सुरुवात. म्हणून काहीही करायच्या आधी ते फोल्डर कॉपी करून दुसऱ्या ड्राइव्हवर टाका.

कंपॅटिबिलिटीच्या टिका. हा गेम विंडोज १० आणि ११ वर बऱ्याचदा कुठलीच टिक न मारता चालतो. कमी रंगांची आणि ६४० बाय ४८० ची टिक तर अजिबात नको, मग स्क्रीन भंगार दिसते आणि लोक ग्राफिक्स कार्डला शिव्या घालत बसतात. सगळ्या काढा, मग लागलीच तर एक मारा, गेम चालवून बघा, फरक नाही पडला तर ती काढा आणि दुसरी मारा. कंटाळवाणं आहे पण दुसरा रस्ता नाही. गेम प्रोग्राम फाइल्समधे असेल तर तिथून उचलून सरळ डी ड्राइव्हवर टाका, विंडोज त्या फोल्डरमधे काही लिहू देताना कटकट करतं आणि अर्धे मॉड, म्हणजे लोकांनी गेममधे बदल करायला बनवलेल्या फाइल्स, तिथेच अडकतात. जुनी डीव्हीडी घेऊन बसला असाल तर तो नाद सोडा, डिस्कवरच्या त्या काळातल्या कॉपी प्रोटेक्शनला विंडोज १० पासून सपोर्ट नाही, कुठलीही टिक मारली तरी काही होत नाही.

आता फ्रेम लिमिटर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची याला लगाम घालणारी सेटिंग. नवीन लॅपटॉप आला की पहिलं काम काय, तर डिस्प्ले सेटिंगमधे जाऊन लिमिटर ऑफ करायचा, कारण चालू असला की गेम २५ फ्रेमच्या आसपास रखडतो आणि ते डोळ्याला खुपतं. पण या गेममधल्या बऱ्याच हालचाली फ्रेमच्या हिशोबाने बांधल्यात. ऑफ केलं की चित्र मस्त गुळगुळीत होतं आणि सीजे पाण्यात पडला की पोहतोय का तरंगतोय कळत नाही, बटण कितीही बडवा, पुढेच सरकत नाही. मग लोक कीबोर्ड बदलतात! लिमिटर ऑन ठेवा. २५ सहन होत नसेल तर सायलेंटपॅच टाका, फुकट आहे, पोलंडच्या सायलेंट नावाने काम करणाऱ्या मॉडरने बनवलाय, त्यात लिमिटर नीट ३० वर येतो आणि बाकीच्या बऱ्याच जुन्या खोडी पण जातात.

ह्याच सायलेंटने २०२५ मधे एक भारी गोष्ट शोधून काढली. विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आल्यावर लोकांचं स्किमर, म्हणजे ते पाण्यावर उतरणारं छोटं विमान, गेममधून गायबच झालं. सगळे म्हणाले विंडोजने गेम बिघडवला. प्रत्यक्षात चूक गेमचीच होती, पहिल्यापासूनची. गाड्यांची यादी असते त्या "व्हेइकल्स डॉट आयडीई" फाइलमधे स्किमरच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडे टाकायचेच राहिले होते, आणि गेम ते नाहीत हे तपासतच नव्हता, मेमरीत आधीच्या ओळीतल्या व्हॅनचे जे आकडे पडलेले असायचे तेच उचलायचा. तब्बल २० वर्षं नशिबाने चाललं. नव्या विंडोजने मेमरीची तीच जागा स्वतःच्या कामाला वापरली, तिथे कचरा आला, विमान गेलं. सायलेंटपॅच असेल तर हे आपोआप सुटतं, नाहीतर फाइल नोटपॅडमधे उघडून स्किमरच्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम देऊन -१, ०.७, ०.७, -१ लिहा (फाइलमधे अर्थातच इंग्रजी आकडे) आणि सेव्ह करा.

मॉडवाल्यांची चूक वेगळी. जुन्या १.० आवृत्तीसाठी बनवलेले मॉड नव्या आवृत्तीत टाकायचे आणि क्रॅश झालं की मॉडवाल्याला बोलायचं. स्टीमवर २०१४ ला जे अपडेट आलं त्यात गेमची मूळ फाइलच बदलली, जुने सेव्ह आणि मॉड दोन्ही बोंबलले. आपल्याकडे कुठली आवृत्ती आहे ते आधी बघा, मॉडच्या माहितीत कुठली लिहिलीय ते वाचा, मगच हात घाला.

राहिला गेमपॅड. एक्सबॉक्सचा पॅड जुन्या आवृत्तीला लावला की दोन्ही ट्रिगर गेमला एकच वाटतात, एक इकडे ओढतो आणि एक तिकडे, त्यामुळे गॅस आणि ब्रेक एकदम दाबले की दोन्ही कटतात आणि हँग झाल्यासारखं वाटतं. पॅड परत करू नका, दुकानदाराची चूक नाहीये. सायलेंटचाच जीइनपुट नावाचा मॉड आहे, तो टाकला की ट्रिगर वेगळे होतात. आणि छोट्या लॅपटॉपला उजवीकडचा नंबर पॅड नसतो, त्यामुळे लोराइडर (गाण्याच्या तालावर उड्या मारणारी गाडी) नाचवायची वेळ आली की बोटं हवेत. तिथे कंट्रोलर सेटअपमधे जाऊन "स्पेशल कंट्रोल" च्या चारही बटणांना दुसऱ्या रिकाम्या की द्या, आणि हे मिशन चालू करायच्या आधीच करा, गाणं चालू झाल्यावर मेनूत शोधत बसायला कोण वेळ देतंय.