लाकडाची शेगडी वापरताना या चुका टाळा: काच काळी पडतेय, तर आधी सरपण तपासा

शेगडीच्या दाराची काच दोन दिवसांत काळी होते, जाळ धरत नाही, खोलीत धुराचा वास रेंगाळतो. अशा वेळी बहुतेक जण शेगडीला दोष देतात. माझा पहिला प्रश्न मात्र सरपणाबद्दल असतो: लाकूड कधी फोडलं आणि त्यानंतर ते ठेवलं कुठे? धुरांडं असलेल्या बंद दाराच्या शेगडीत बहुतेक दुखण्यांचं मूळ ओलं लाकूड किंवा कोंडलेली हवा हेच असतं.

नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाने जवळपास निम्मं पाणी असू शकतं. जाळायचं लाकूड 20 टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचं हवं. एक किलो पाण्याची वाफ करायलाच साधारण 2.3 मेगाज्यूल उष्णता खर्च होते, आणि ती खोली न तापवता वाफेबरोबर वर निघून जाते. शेगडी त्यामुळे थंड राहते. लाकडातून निघणारे वायू न जळताच धूर होऊन धुरांड्यात शिरतात आणि थंड भिंतींवर डांबरासारखे चिकटतात. या थराला क्रिओसोट म्हणतात. तो स्वतः पेट घेतो, म्हणून मला ओल्या लाकडाची एवढी धास्ती वाटते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ही म्हण शेगडीच्या बाबतीत मनावर घेऊ नका. ओलं जळत नाही, धुमसतं, आणि सुक्याचीही धग खाऊन टाकतं.

लाकूड वाळलंय की नाही हे ओंडक्याच्या टोकावरून ठरवणं ही नेहमीची चूक. टोकं आधी सुकतात, गाभा ओलाच राहतो. ओंडका मधोमध फोडा आणि ताज्या फोडलेल्या बाजूवर ओलावा मोजणारं मॉइश्चर मीटर टेकवा. मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. वाळलेलं लाकूड खणखणीत वाजतं, ओल्याचा आवाज बद्द येतो. हा अंदाज झाला, खात्री मीटरचीच. मऊ लाकडाला फोडल्यानंतर वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं, ओकसारख्या कठीण लाकडाला दोन वर्षंही लागतात. रास जमिनीला टेकू देऊ नका. वरून झाका, पण बाजू उघड्या ठेवा. चहूबाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळलेली रास वाळत नाही, आतल्या आत घाम धरते आणि बुरसते.

दुसरी मोठी चूक रात्रीची. पहाटेपर्यंत ऊब राहावी म्हणून शेगडी ओंडक्यांनी ठासून भरायची आणि हवेची झडप जवळजवळ बंद करायची. असं केलं की जाळ मरतो आणि लाकूड तासन् तास धुमसत राहतं. लाकडातली बरीचशी उष्णता त्यातून निघणाऱ्या वायूंमध्ये असते आणि ते जाळायला हवा आणि ताप दोन्ही लागतात. थोडं लाकूड घाला, जाळ पिवळा आणि नाचता ठेवा, विझू द्यायची असेल तर विझू द्या. सकाळी पुन्हा पेटवणं धुरांडं साफ करण्यापेक्षा सोपं आहे.

पेटवताना रॉकेल, पेट्रोल यांतलं काहीही ओतू नका. भडका दारातून तोंडावर येतो. मोठे तुकडे खाली, त्यावर बारीक, सगळ्यात वर ढलप्या रचून वरून पेटवलं तर धूर कमी होतो आणि धुरांडंही लवकर तापतं. धुरांडं गार असेल तर सुरुवातीला धूर खोलीत उलटू शकतो. रोजच उलटत असेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करून बघा, तो खोलीतली हवा ओढून घेत असतो. तरीही थांबलं नाही तर धुरांड्यात घरटं किंवा काजळी अडकली असेल. ते साफ होईपर्यंत शेगडी पेटवू नका.

इंधन म्हणून काय चालत नाही? रंग किंवा पॉलिश दिलेलं लाकूड, प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्या), प्लॅस्टिक, घरातला कचरा. वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेल्या जुन्या खांबांत आर्सेनिक असू शकतं. ते धुरातही जातं आणि राखेतही उरतं. समुद्रातून वाहून आलेलं लाकूड कितीही सुकं दिसलं तरी त्यातलं मीठ शेगडीचा पत्रा खातं. फक्त लाकडासाठी बनवलेल्या शेगडीत दगडी कोळसाही घालू नका.

लाकूड नीट न जळल्यावर तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं असतात आणि माणूस ती थकवा समजून झोपी जातो. शेगडीच्या खोलीत या वायूचा अलार्म लावाच. धुराचा अलार्म हे काम करत नाही. घरातल्या एकाहून जास्त जणांचं डोकं एकदम दुखू लागलं तर लगेच सगळ्यांना बाहेर काढा.

राख गार दिसते, पण आत निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहतात. ती झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा आणि डबा घराबाहेर, लाकडी फळीपासून दूर ठेवा. सगळी राख खरवडून काढू नका. तळाशी दोनेक सेंटिमीटर थर राहिला तर निखारे चांगले टिकतात.

धुरांडं वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून साफ करून घ्या. कधी त्यातून घोंघावल्यासारखा मोठा आवाज आला तर आतलं क्रिओसोट पेटलंय असं समजा. दार आणि हवेच्या झडपा बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला फोन करा. शेगडीत पाणी ओतू नका. तापलेलं धुरांडं तडकतं. आग विझली तरी धुरांडं आतून तपासून घेतल्याशिवाय शेगडी पुन्हा पेटवू नका.