भोपळा कधी कापायचा, इथपासून: घरच्या हॅलोवीनची तयारी

हॅलोवीन म्हणजे भुताखेतांचा सण: मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात आणि घरोघरी पोकळ भोपळ्यावर चेहरा कोरून आत दिवा ठेवतात. तो ३१ ऑक्टोबरला असतो, पण आमच्या न्यू जर्सीत सप्टेंबर सरता सरताच दुकानांच्या दारात केशरी भोपळ्यांचे ढीग लागतात आणि मुलं हट्ट धरतात. भोपळा लवकर आणायला हरकत नाही, लवकर कापायचा मात्र नाही. अख्खा भोपळा थंड पोर्चवर कित्येक आठवडे टिकतो, कापलेला चार-पाच दिवसांत मऊ पडतो आणि बुरशी धरतो. एका वर्षी आम्ही दहा दिवस आधी कोरला. ३१ तारखेला धाकटीने स्वतः काढलेलं तोंड आत खचलं होतं आणि ती खूप रडली. तेव्हापासून आमच्या यादीत पहिली ओळ ठरलेली आहे: कोरकाम २९ किंवा ३० तारखेला.

भोपळा निवडताना देठ हिरवा आणि घट्ट आहे ना, बूड सपाट आहे ना हे बघा. सगळीकडून बोटाने दाबा, कुठेही मऊ लागला तर परत ठेवा. देठाला धरून उचलू नका, तो तुटला की तिथूनच कुजायला सुरुवात होते. कोरायच्या मोठ्या भोपळ्यासोबत एक छोटा, गोल, ‘शुगर पम्पकिन’ म्हणून विकला जाणाराही घ्या. मोठ्याचा गर पाणचट आणि दोरकट असतो, खायला त्यात मजा नाही. छोट्याचे घारगे उत्तम होतात. गर वाफवून कोमट असताना त्यात गूळ विरघळवायचा, वेलची आणि चिमूटभर मीठ घालायचं, मावेल तेवढी कणीक मळायची. लाटलेल्या पोळीतून मुलांना वटवाघळाच्या साच्याने आकार कापू द्या. तळायचं काम मोठ्यांचं.

कोरायच्या दिवशी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरा. जाड मार्कर, मोठा डाव, बियांसाठी पातेलं आणि भोपळा कोरायची छोटी दातेरी करवत जवळ ठेवा. ही करवत ऑक्टोबरभर किराणा दुकानातही मिळते आणि स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा कितीतरी सुरक्षित असते, कारण सुरी कडक सालीवरून निसटते. वरचं झाकण तिरकं कापा, म्हणजे ते आत पडत नाही. चेहऱ्याच्या बाजूची भिंत आतून खरवडून इंचभर जाडीची ठेवा. त्याहून जाड राहिली तर डोळे कोरताना हात दुखतात आणि उजेडही बाहेर येत नाही. चेहरा मुलांनी काढायचा, तो वाकडा असला तरी तसाच कोरायचा. पाच वर्षांखालच्यांना करवत नको. त्यांच्यासाठी छोटे भोपळे, रंग आणि घरातल्या टिकल्या, तेवढ्यात त्यांचा तासभर छान जातो. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा. दारात येणाऱ्या मुलांचे झगे आणि ओढण्या भोपळ्याला घासून जातात.

मूळ आयर्लंडमध्ये यासाठी सलगम कोरत. तिथले लोक अमेरिकेत आले आणि त्यांना इथला मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला. तिकडच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा जुन्या सलगमाच्या कंदिलाचा प्लास्टरचा ठसा जपून ठेवला आहे. त्याचं सुरकुतलेलं तोंड आजच्या कुठल्याही मुखवट्यापेक्षा भीतिदायक आहे. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर एक सलगम जरूर आणा आणि शेजारी बसून कोरून बघा. ते इतकं टणक असतं की भोपळ्याची महती हाताला लगेच कळते.

बिया फेकू नका. धागे काढून धुवा, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि फडक्यावर पूर्ण कोरड्या करा. मग थोडं तेल, तिखट, हिंग, जिरेपूड लावून ३५० अंश फॅरनहाइटला पंधरा-वीस मिनिटं भाजा, मध्ये एकदा हलवा. साल चिवट असते, म्हणून अगदी लहानांना देऊ नका.

आता माझा सगळ्यात आवडता भाग: भुताचा डबा. बुटांच्या खोक्याला मूठ जाईल एवढं भोक पाडा आणि त्याला जुन्या मोज्याची बाही लावा. आत वाट्यांमध्ये सोललेली द्राक्षं म्हणजे डोळे, गार शिजवलेल्या शेवया म्हणजे अळ्या, सुके जर्दाळू म्हणजे कान. पण डबा मुलांना भरू द्या आणि हात मोठ्यांनी घाला. माझं ठाम मत आहे की घरातली भीती मुलांच्या ताब्यात असावी. आमची धाकटी तीन वर्षांची असताना दुकानातल्या हलत्या सांगाड्याला इतकी घाबरली की महिनाभर दिवा लावून झोपायची. पुढच्या वर्षी तिने स्वतः जुन्या पंचाचं भूत केलं, त्याला डोळे काढले, नाव ठेवलं आणि झोपताना खिडकीत टांगलं. द्राक्षं खायला देताना मात्र लहानांसाठी उभी चिरूनच द्या.

भुताच्या गोष्टींसाठी आजीला आधीच सांगून ठेवा. आजीकडे मुंजा आहे, वेताळ आहे, हडळ आहे, आणि इथल्या मुलांनी ही नावं कधी ऐकलेलीच नसतात. वेळ मात्र जुळवावी लागते. ऑक्टोबरअखेर इथलं घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणून इथल्या संध्याकाळी फोन केला तर तिकडे पहाट असते. आदल्या शनिवारी सकाळी साडेनऊला फोन लावा, तिकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. पडदे ओढा, पांढरी चादर बांधा, मागे टॉर्च ठेवा. आजी सांगेल तशी मुलं चादरीवर सावल्या नाचवतील.

बाकीचे खेळ पटकन होतात. टॉयलेट पेपरच्या दोन गुंडाळ्यांत बाबांची ममी होते, त्यांनी फक्त हलायचं नाही. दोरीला डोनट टांगून हात मागे बांधून खायचा. पाण्याच्या टबातली सफरचंदं तोंडाने उचलण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं, सगळ्यांची तोंडं एकाच पाण्यात जात नाहीत.

पोशाख आतून जाड हुडी मावेल असा बेता, रात्री गारठा असतो. मुखवट्याने बाजूचं दिसत नाही, त्यापेक्षा चेहरा रंगवा आणि तो रंग एक दिवस आधी हातावर लावून बघा.

दारात ठेवायच्या टोपल्या दोन हव्यात. एकीत चॉकलेटं आणि दुसरीत स्टिकर, पेन्सिली, चमकत्या कांड्या. त्या टोपलीशेजारी हिरवट निळ्या रंगाचा भोपळा ठेवा. २०१४ पासून अमेरिकेत ही खूण देशभर रूढ होत गेली. शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला रस्त्यावरूनच कळतं की या दारात आपल्यासाठीही काही आहे. ती मुलं वाटेतून धावत येतात. हे एक काम विसरू नका.

३१ ला अंधार पडायच्या आत पोर्चचा दिवा लावा, तो बंद दिसला की मुलं घर ओलांडून जातात. पायऱ्यांवरची पानं झाडा आणि वायरी बाजूला करा. कुत्रा असेल तर त्याला चॉकलेटापासून आणि दारापासून लांब, आतल्या खोलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या काढून दिवे पुसून ठेवा, आणि भोपळा फोडून परसात मातीखाली पुरा.