बोर्ड कशावर छापायचा हे आधी ठरवा, डिझाइन नंतर

लोक माझ्याकडे येतात ते डिझाइन तयार करूनच. रंग पक्के, फोटो पक्का, मजकुराची चार वेळा काटछाट झालेली. मग विचारतात, ‘हे आता कशावर छापायचं?’ खरं तर हा पहिला प्रश्न. मटेरियल ठरलं की शाई ठरते, शाईवरून रंग किती टिकणार ते कळतं, आणि बोर्ड कसा अडकवायचा हेही तिथेच नक्की होतं. मी मशीनवर छपाई केली आहे आणि शिडीवर चढून फिटिंगही केलं आहे, त्यामुळे छापताना केलेली घाई वर भिंतीपाशी काय रूप घेते ते मला ठाऊक आहे.

कुठलंही काम आलं की मी आधी विचारते: हे किती दिवस राहणार आहे? दोन दिवस, तीन महिने की पाच वर्षं? त्यानंतर जागा. ऊन कुठल्या बाजूने येतं, वारा किती, मागे भिंत आहे की मोकळी फ्रेम, बघणारा किती लांब उभा असेल. एवढं कळलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

फ्लेक्सपासून सुरुवात करू, कारण विचार न करता सर्वांत जास्त वापरलं जाणारं मटेरियल तेच. आत पॉलिस्टरच्या धाग्यांची जाळी आणि दोन्ही बाजूंनी पीव्हीसी, अशी त्याची रचना. वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असं मोजतात. 240-280 जीएसएमचं फ्लेक्स थोड्या दिवसांच्या, आडोशाच्या कामाला चालतं. महिनोन्‌महिने उघड्यावर ताणून ठेवायचं असेल तर 440 च्या खाली जाऊ नका. पण वजनाचा आकडा विचारून थांबू नका. एक कोपरा हातात घ्या आणि थर सोलता येतात का ते पाहा. लॅमिनेटेड फ्लेक्समध्ये जाळी दोन फिल्मच्या मध्ये चिकटवलेली असते. पाणी कडेने आत शिरलं की ते थर सुटायला लागतात. कोटेड फ्लेक्समध्ये पीव्हीसी द्रवरूपात जाळीवर चढवलेलं असतं, म्हणून ते एकजीव राहतं. मागून लाइट असेल तर बॅकलिट घ्यायचं, समोरून असेल तर फ्रंटलिट. मागून ऊन येणार असेल तर मागची बाजू काळी असलेलं ब्लॅकबॅक, आणि दोन्ही बाजूंनी छापायचं असेल तर मध्ये काळा थर असलेलं ब्लॉकआउट, नाहीतर उलटी अक्षरं आरपार दिसतात.

वाऱ्याचा हिशोब मी प्रत्येकाला करून दाखवते, कारण इथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. ताशी 100 किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला तर एका चौरस मीटरवर साधारण 48 किलो वजनाइतका जोर पडतो. तीन मीटर बाय दोन मीटरच्या फ्लेक्सवर तो जवळपास 290 किलो होतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. एवढा भार चार आयलेट (कडेच्या भोकांत बसवलेली धातूची कडी) आणि सुतळी कशी पेलणार? उंचावर किंवा मोकळ्या मैदानात मेश वापरा. त्याला बारीक भोकं असतात, त्यामुळे काही वारा आरपार निघून जातो. चित्र थोडं फिकं दिसतं खरं, पण लांबून तो फरक जाणवत नाही. कडा दुमडून वेल्डिंग करून घ्या आणि आयलेट अर्धा मीटर अंतराच्या आत ठेवा. फ्रेम मजबूत आहे की नाही हे मात्र जाणकाराकडूनच तपासून घ्यायचं, त्यात अंदाज नको.

आता व्हिनाइल, म्हणजे मागे गम असलेली प्लास्टिकची पातळ फिल्म. याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. लोक जाडी पाहून दर्जा ठरवतात आणि तिथेच चुकतात. साधं, म्हणजे मोनोमेरिक कॅलेंडर्ड व्हिनाइल 80 ते 100 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतं आणि कास्ट व्हिनाइल जेमतेम 50. तरी दोघांत जास्त टिकणारं कास्टच. कॅलेंडर्ड व्हिनाइल गरम रोलरांमधून दाबून आणि ताणून बनवतात. तो ताण त्याच्यात राहतो आणि ऊन लागलं की ते आकसू लागतं. काही महिन्यांनी स्टिकरच्या कडेला गमची रेघ उघडी पडून तिच्यावर धूळ बसलेली दिसते, ती यामुळेच. कास्ट व्हिनाइल पातळ द्रावण पसरून, भट्टीत सुकवून तयार होतं. त्याला कुणी ताणलेलंच नसतं, म्हणून ते आकसतही फार कमी. सपाट काचेवर वर्षभराचं काम असेल तर मोनोमेरिक पुरतं. सपाट किंवा किंचित वळणावर चार-पाच वर्षं हवी असतील तर पॉलिमेरिक, म्हणजे कॅलेंडर्डमधलाच कमी आकसणारा प्रकार. गाडीचे खोलगट भाग, रिव्हेट, दुहेरी वळणं असतील तर फक्त कास्ट, आणि त्यावरचं लॅमिनेशन, म्हणजे छपाईवर चढवलेली पारदर्शक फिल्म, तेही कास्टच. खाली कास्ट आणि वर साधं लॅमिनेट लावलं की वरचा थर आकसतो आणि खालच्याला वर ओढतो.

व्हिनाइलइतकंच महत्त्व पृष्ठभागाला. ताज्या रंगाच्या भिंतीतून बरेच दिवस वाफा निघत राहतात, त्यावर पेस्टिंग केलं तर फुगे येतातच. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिनच्या वस्तूंवर साधा गम धरत नाही, त्यासाठी जास्त चिकट गमचं व्हिनाइल मागा. जुन्या बोर्डावर नवं चिकटवायचं असेल तर मागून करडा थर असलेलं ब्लॉकआउट घ्या, म्हणजे खालची अक्षरं डोकावणार नाहीत.

सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट शाईने छापलं असेल तर लॅमिनेशनआधी प्रिंट निदान 24 तास मोकळं, शक्यतो सैल गुंडाळून उभं ठेवावं लागतं. शाईतलं सॉल्व्हंट (रंग विरघळवणारं रसायन) उडून गेलं नाही तर ते खाली गमपर्यंत जातं आणि व्हिनाइल मऊ पडून त्याच्या कडा उचलल्या जातात. कुणी ‘तासाभरात लॅमिनेट करून देतो’ म्हणालं तर शाई कुठली ते विचारा. लॅटेक्स (पाण्यावर आधारलेली शाई) असेल तर त्याचं बरोबर आहे, ती मशीनमध्येच सुकते. यूव्ही शाई दिव्याखाली तत्काळ घट्ट होते आणि थेट बोर्डावर छापायला फार चांगली, पण तिची कडक जात घडी पडणाऱ्या कामात तडकते. आणि उन्हात राहणारं काम असेल तर लाल-पिवळ्या रंगांवर सगळा भरवसा ठेवू नका. किरमिजी आणि पिवळी शाई आधी विटते, मग चित्र निळसर दिसायला लागतं. यूव्ही रोखणारं लॅमिनेशन तो वेग कमी करतं.

कडक बोर्डांत सनबोर्ड, म्हणजे फेसाळ पीव्हीसीचा बोर्ड, हलका, कापायला सोपा, आत लावायला उत्तम. बाहेर कडक उन्हात, त्यातही गडद रंग छापलेला, तो वाकतो. बाहेर वर्षानुवर्षं राहायचं असेल तर एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेला बोर्ड. ॲक्रिलिक देखणं, पण उष्णतेने वाढतं. 2.4 मीटरची शीट तापमानात 30 अंशांचा फरक पडला की सुमारे 5 मिलिमीटर वाढते, एसीपी तेवढ्यातच पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास. म्हणून ॲक्रिलिकला भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं आणि स्क्रू आवळून टाकायचा नाही. कागदी आवरणाचा फोमबोर्ड दमट हवेतही टिकत नाही, तो एखाद्या दिवसाच्या प्रदर्शनापुरताच.

प्रदर्शनाला वारंवार न्यायचं असेल तर माझं मत कापडाच्या बाजूने आहे. पॉलिस्टरवर सब्लिमेशनने, म्हणजे उष्णतेने शाई धाग्यात उतरवून, छापलेलं कापड घडी करून नेता येतं, दिव्यांखाली चमकत नाही आणि फोटोत फार सुंदर येतं. रोल-अप स्टँडीत फ्लेक्स घालू नका, त्याच्या कडा आत वळतात. त्यासाठी सपाट राहणारी फिल्म मिळते.

काचेवरच्या वन-वे व्हिजनला (बाहेरून चित्र, आतून आरपार दिसणारी भोकांची फिल्म) बाहेरून लॅमिनेशन हवंच, नाहीतर भोकांत पाणी साचून आतून काही दिसत नाही. फरशीवरच्या स्टिकरला घसरण रोखणारं लॅमिनेशन हवं, इथे तडजोड चालणार नाही. रात्री चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह शीटवर अपारदर्शक शाई छापली तर तेवढा भाग काळोखात मरतो.

अक्षरांसाठी साधा हिशोब: दर तीन मीटर अंतराला 25 मिलिमीटर उंची. तीस मीटरवरून वाचायचं असेल तर अक्षर 250 मिलिमीटरचं हवं. लांबून बघायच्या फ्लेक्सला प्रत्यक्ष आकारात 72 ते 100 डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) पुरतात, हाताच्या अंतरावरच्या पॅनेलला 150 च्या वर ठेवा.

उतरवल्यानंतरचाही विचार ऑर्डर देतानाच करा. फ्लेक्स कधीही जाळू नका, पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं बाहेर पडतात. तारीख न छापता तयार केलेला बोर्ड पुन्हा वापरता येतो, आणि तारखेपुरती वेगळी पट्टी लावता येते. दोन दिवसांच्या घरगुती सूचनेला कागद पुरत असेल तर मी कागदच सुचवते.

शेवटी बिलावर मटेरियलचं पूर्ण नाव लिहून घ्या: जीएसएम किंवा मायक्रॉन, कास्ट की कॅलेंडर्ड, शाई कुठली, लॅमिनेशन कुठलं. मोठं काम असेल तर त्याच मटेरियलवर, त्याच शाईने एक हातभर पट्टी छापून मागा, अर्धी झाका आणि जिथे बोर्ड लागणार तिथेच उन्हात टांगा. काही आठवड्यांनी झाकण काढून दोन्ही भाग शेजारी शेजारी पाहा, मग ऑर्डर द्या.