तान्ह्या बाळाचे कापडी लंगोट: मळके ठेवायचे कुठे, धुवायचे कसे

तान्हं बाळ दिवसाला आठ-दहा, कधी कधी बारा लंगोट भिजवतं. त्यामुळे कापडी लंगोट वापरायचे ठरले की घरात पहिली चर्चा होते ती धुण्याची. साबण कोणता, पाणी किती गरम, मशीनला टाकायचे की हाताने धुवायचे. पण कापडी लंगोटांबद्दलच्या निम्म्या तक्रारी धुण्याच्या आधीच सुरू झालेल्या असतात. ओले लंगोट झाकणबंद बादलीत गोळा होऊन तीन दिवस पडले, तर पुढे कितीही चांगली पावडर घातली तरी वास हटत नाही.

आधी संख्येचा हिशेब करा. एक दिवसाआड धुणार असाल तर २४ ते ३० लंगोट लागतील. दोन दिवसांचे वीस-चोवीस, आणि बाकीचे दोरीवर वाळत असेपर्यंतची सोय. रोज हाताने धुणार असाल तर पंधरा-वीसात भागतं. वरून घालायची वॉटरप्रूफ कव्हरं मात्र पाच-सहा पुरतात. कव्हर नुसतं ओलसर झालं असेल तर पुसून, वाऱ्यावर टांगून पुन्हा वापरता येतं. शी लागली तरच ते धुण्यात टाकायचं.

प्रकार निवडायचा तर पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी साधे चौकोनी सुती लंगोट आणि वरून कव्हर यांना तोड नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. घडी उलगडली की ते एकपदरी होतात, त्यामुळे धुताना पाणी आरपार जातं आणि ते वाळतातही पटकन. आत इन्सर्ट, म्हणजे ओल शोषणारी सुटी पट्टी, सरकवायचे पॉकेट डायपर किंवा सगळे थर एकत्र शिवलेले डायपर दिसायला सुटसुटीत, पण ते वाळायला बराच वेळ घेतात.

नवे लंगोट थेट बाळाला घालू नका

कोऱ्या सुती कापडात, विशेषतः ब्लीच न केलेल्या सुतात, कापसाचा नैसर्गिक मेणचटपणा असतो. तो निघेपर्यंत कापड पाणी शोषत नाही. म्हणून सुती लंगोट आणि इन्सर्ट वापरण्याआधी गरम पाण्यात, पावडर घालून चार-पाच वेळा धुवा. मायक्रोफायबर या कृत्रिम धाग्याच्या कापडाला एक धुणं पुरे. मात्र मायक्रोफायबर बाळाच्या अंगाला थेट लागू देऊ नका. ते त्वचेतलाही ओलावा ओढून घेतं. त्यावर सुती किंवा फ्लीसचा पदर हवाच.

तयार झालं की नाही हे पाहायला कापडावर दोन थेंब पाणी टाका. थेंब लगेच पसरून आत गेले तर लंगोट वापरायला तयार. वर गोळी होऊन थरथरत राहिले तर आणखी एकदा धुवा. हीच परीक्षा पुढेही उपयोगी पडते.

मळके लंगोट: पाणी नको, हवा हवी

लघवीत युरिया असतो. कापडावरचे जिवाणू त्याचा अमोनिया करतात. नाकात झोंबणारा तो वास याच अमोनियाचा. लंगोट जितका वेळ बंद, उबदार आणि ओला राहील तितका अमोनिया वाढतो. तोच बाळाच्या त्वचेलाही चुरचुरतो. यावर उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं आणि फार वाट न पाहणं.

त्यासाठी महागडी बादली लागत नाही. टांगता येईल अशी मोठी पिशवी घ्या, आतून वॉटरप्रूफ असलेली. ती बाथरूमच्या दाराला किंवा खुंटीला अडकवा आणि तिची चेन अर्धी उघडीच ठेवा. झाकण न लावलेली कोरडी बादली किंवा जाळीदार टोपलीही चालते. अशा पिशव्या दोन असल्या की एक वापरात आणि दुसरी लंगोटांबरोबर धुण्यात. पिशवी उलटी करून तीही मशीनमध्ये टाकायची.

पॉकेट डायपर वापरत असाल तर आतला इन्सर्ट बाळाचा लंगोट बदलतानाच बाहेर काढा. दोन दिवसांनी, मशीनसमोर उभं राहून, वीस ओले इन्सर्ट उपसण्याचं काम कुणालाच आवडत नाही. वेल्क्रोच्या पट्ट्याही तेव्हाच बंद करून टाका, नाहीतर धुताना त्या एकमेकींना चिकटून लंगोटांची माळ तयार होते आणि कापडाचे धागे ओढले जातात.

पूर्वी लंगोट पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवायची पद्धत होती. ती सोडा. साठलेल्या पाण्यात जिवाणू फोफावतात, दिवसेंदिवस भिजून इलास्टिक आणि कव्हरचा वॉटरप्रूफ थर खराब होतो. आणि या कारणांपेक्षा मोठं कारण म्हणजे घरात रांगणारं मूल असेल तर पाण्याची बादली हा जिवाला धोका आहे. दोन-तीन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

दोन धुण्यांमध्ये जास्तीत जास्त दोन दिवस, फारच अडचण असेल तर तीन. हवा दमट असेल तर तेवढीही वाट पाहू नका. ओल्या सुतावर बुरशीचे काळे ठिपके पडले की ते सहसा पूर्ण जात नाहीत.

शीचं काय करायचं

हे बाळाच्या आहारावर अवलंबून आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांची शी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते. ती सुतातून निघता निघत नाही. तेवढे दिवस लंगोटावर पातळ लायनर (लंगोट आणि बाळाचं अंग यांच्यामध्ये घालायचा सुटा पदर) किंवा जुन्या मऊ धोतराचा तुकडा घाला आणि डाग पडला तर लगेच थंड पाण्याखाली धरा.

त्यानंतर बाळ फक्त अंगावर पीत असेल तर शी पिवळी, पातळ, रवाळ असते आणि पाण्यात विरघळते. असा लंगोट तसाच पिशवीत टाकून मशीनला लावला तरी चालतो. तरी नळाखाली एकदा खळबळून घेतला तर डाग कमी पडतात. बाळ वरचं दूध घेत असेल तर शी घट्ट असते, ती आधी संडासात झाडून किंवा जेटने धुऊन टाकायची. पुढे वरचं अन्न सुरू झालं की प्रत्येक वेळी हेच करायचं. बाथरूमच्या मोरीत ती धुऊ नका. आणि प्रत्येक लंगोट बदलल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवायचे.

एक नियम मात्र कायम लक्षात ठेवा. शीच्या डागावर पहिलं पाणी थंडच हवं. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं कापडावर घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो.

मशीनमध्ये धुताना

लंगोट एकदा नाही, दोनदा धुतले जायला हवेत. पहिलं धुणं छोटं, थंड पाण्यात, थोडी पावडर घालून. यात लघवी आणि शी निघून जाते. ते घाण पाणी पूर्ण वाहून गेलं पाहिजे. मग दुसरं, खरं धुणं: लांब चक्र, ६० अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर मळलेल्या कपड्यांसाठी पाकिटावर जेवढी सांगितली आहे तेवढी पावडर. एकाच चक्रात सगळं उरकलं तर लंगोट स्वतःच्याच मळक्या पाण्यात घोळले जातात.

पावडरीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त हात आखडतो तो इथेच. बाळाचे कपडे म्हणून चिमूटभर पावडर, सौम्य लिक्विडचे चार थेंब, असं पुष्कळजण करतात. हेतू चांगला असतो. पण लंगोट हे घरातले सर्वात मळके कपडे आहेत. पावडर कमी पडली की लघवीतले क्षार आणि जिवाणू कापडात राहतात, आठवड्या-दोन आठवड्यांत वास येऊ लागतो आणि बाळाला पुरळ येतं. मग पावडरच त्वचेला लागली असा समज होऊन ती आणखी कमी केली जाते! पावडर पुरेशी घाला, सुगंध नसलेली मिळाली तर उत्तम, आणि शेवटी एक जादा खळबळणं लावा.

ड्रम किती भरायचा? दोन-तृतीयांश ते पाऊण. फार कमी कपडे असतील तर ते एकमेकांवर घासलेच जात नाहीत, आणि कोंबून भरले तर पाणीच फिरत नाही. पहिलं धुणं झाल्यावर ड्रम रिकामा वाटला तर बाळाची दुपटी, छोटे टॉवेल, मोजे त्यात घालून दुसरं धुणं लावायला हरकत नाही. कव्हरांना मात्र ४० अंश पुरतात. फार उष्णतेने त्यांचा वॉटरप्रूफ थर सुटतो.

हाताने धुताना

क्रम तोच आहे. आधी थंड पाण्यात दोनदा खळबळून पिळून घ्या. मग गरम पाण्यात पावडर विरघळवून लंगोट अर्धा तास भिजत घाला. पाणी गरम असताना हात न घालता काठीने ढवळा. मग चोळा, तेही सगळीकडे सारखं नाही. मधला जाड पदर आणि मांडीकडच्या कडा इथेच मळ बसतो, तिथे नीट चोळा. पाणी गढूळ दिसलं तर ते फेकून पुन्हा एकदा थोड्या पावडरीच्या पाण्यातून काढा. शेवटी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यातून खळबळा. शेवटच्या पाण्यात लंगोट दाबल्यावर फेस आला नाही की समजा झालं. वड्यांचा साबण शक्यतो टाळा, तो सुतात बसून राहतो.

काय घालू नये

फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. त्याने धाग्यांवर थर चढतो, कापड मऊ लागतं खरं, पण शोषायचं थांबतं. अँटिसेप्टिक लिक्विडची रोज गरज नसते. गरम पाणी, पुरेशी पावडर आणि ऊन एवढ्यावर निरोगी बाळाचं काम भागतं, आणि अँटिसेप्टिक कापडात राहिलं तर त्वचेला चुरचुरतं. व्हिनेगर वारंवार वापरल्याने इलास्टिक कमकुवत होतं.

ब्लीच लागतं ते क्वचित. कुणाचे वापरलेले लंगोट घेतले किंवा बाळाला बुरशीचा संसर्ग झाला, तर. तेव्हाही ते आधीच धुतलेल्या लंगोटांवर, बाटलीवर सांगितल्याप्रमाणे पातळ करूनच वापरायचं आणि नंतर पुन्हा धुवायचं. लघवीने भिजलेल्या लंगोटांवर ब्लीच कधीही ओतू नका, त्यातून विषारी वायू निघतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तरी तेच.

पुरळ येऊ नये म्हणून लावायचं झिंकचं किंवा पेट्रोलियम जेलीचं मलम हेही कापडाचं शत्रूच. ते लावायचंच असेल तर मध्ये लायनर घाला.

वास येतोय, गळतंय, तेव्हा

धुऊन वाळलेला लंगोट कोरडा असतानाच वास मारत असेल किंवा बाळाने शू करताच अमोनियाचा भपकारा येत असेल, तर धुण्यात काहीतरी कमी पडतंय. पहिला संशय पावडरीच्या मापावर घ्या, दुसरा पाण्यावर. तुमच्याकडे जड पाणी येत असेल, म्हणजे नळांवर पांढरे थर धरत असतील आणि साबणाला फेस येत नसेल, तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरीचशी पावडर खाऊन टाकतं. पावडर वाढवा आणि प्रत्येक धुण्याला थोडा धुण्याचा सोडा घाला. खायच्या सोड्याने हे काम होत नाही.

कापडात जुना थर साठलाच असेल तर स्वच्छ धुतलेले सुती लंगोट गरम पाणी, पावडर आणि धुण्याचा सोडा यांत काही तास भिजवा आणि मग नेहमीसारखे धुवा. हे कधीतरीच करायचं, दर आठवड्याला नाही. बाळाच्या जांघेत लालभडक चट्टा आणि त्याच्या कडेने सुटे लाल ठिपके दिसले तर ते बुरशीचं लक्षण असू शकतं. तेव्हा धुण्याचे प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

वाळवणं

सुती लंगोट उन्हात, कव्हरं सावलीत. उन्हाने पिवळे डाग फिके होतात, पण त्यासाठी कापड ओलं हवं. डाग असलेली बाजू सूर्याकडे करा, आणि डाग चिवट असेल तर वाळत आलेल्या लंगोटावर पुन्हा पाणी शिंपडा. दोरीवर घालताना इलास्टिकची बाजू ताणून चिमटे लावू नका, नाहीतर ओल्या लंगोटाच्या वजनाने ती सैल पडते. ऊन नसेल तर पंख्याखाली सुट्या अंतरावर पसरा. साध्या सुती लंगोटांवर शेवटी इस्त्री फिरवली तरी चालते, कव्हरवर कधीच नाही. दोरीवर वाळून कापड खरखरीत झालं तर हातात धरून दोन-चार वेळा चोळा, लगेच मऊ पडतं.

धुतलेले ठेवताना

घडी घालण्याआधी मांडीकडच्या इलास्टिकची शिवण आणि पोटावरचा जाड पदर बोटांनी दाबून पाहा. वरून कोरडा वाटणारा लंगोट तिथे गार लागला तर तो अजून ओला आहे. असा एक लंगोट थप्पीत गेला तरी दोन दिवसांत सगळ्या थप्पीला कुबट वास लागतो.

कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर लंगोट आणि बाळाचा कुठलाही कपडा तिथे ठेवू नका. गोळ्यांमधलं नॅप्थालीन कपड्यांत मुरतं आणि नवजात बाळाच्या शरीरात श्वासातून, त्वचेतून जातं. जी६पीडी या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. आपल्या बाळाला ही कमतरता आहे की नाही हे बहुतेक घरांत माहीतच नसतं. नातेवाइकांकडून जपून ठेवलेले लंगोट-दुपटी आली आणि त्यांना गोळ्यांचा वास येत असेल, तर मला विचाराल तर ती परत करावीत किंवा फरशी पुसायला घ्यावीत.

लंगोट पुढच्या बाळासाठी ठेवायचे असतील तर शेवटचं धुणं नेहमीपेक्षा कसून करा, दोन दिवस कडकडीत वाळवा आणि सुती पिशवीत किंवा उशीच्या अभ्र्यात सैल भरा. हवा काढून घट्ट बंद केलेल्या प्लास्टिकमध्ये इलास्टिक चेपून राहतं. पुन्हा बाहेर काढल्यावर आधी इलास्टिक ताणून पाहा. करकर आवाज आला किंवा ते परत मूळ मापावर आलं नाही, तर लंगोट टाकू नका, शिंप्याकडून नुसतं इलास्टिक बदलून घ्या.