जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर टाकताना परवानगी कुठे अडते

विंडोज एक्सपीवर बहुतेक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच लॉगिन करायचे. तेव्हाचे प्रोग्रॅम आपला डेटा आणि सेटिंगची आयएनआय फाइल बिनधास्त ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच लिहायचे. 2007 साली विंडोज व्हिस्टासोबत युजर अकाउंट कंट्रोल (ॲडमिनचे अधिकार वापरण्याआधी मंजुरी विचारणारी सोय) आलं आणि तो रस्ता बंद झाला. आता खातं ॲडमिनचं असलं, तरी प्रोग्रॅम चालतो साध्या युजरच्या अधिकारात. ‘मीच ॲडमिन, मग ॲक्सेस डिनाइड का?’ त्याचं कारण हे.

आधी बघा, इन्स्टॉल होतानाच अडतंय की नंतर चालवताना.

इन्स्टॉल होतानाच अडत असेल, तर सेटअप फाइल डेस्कटॉपवर कॉपी करून घ्या. नेटवर्क ड्राइव्हवरून चालवू नका. ॲडमिन अधिकारात तो ड्राइव्ह बऱ्याचदा दिसतच नाही. फाइल इंटरनेटवरून उतरवलेली असेल, तर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’वर टिक. मग राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. सेटअप एमएसआय प्रकारचा (फाइलच्या नावाशेवटी .msi) असेल तर हा पर्याय मेनूत सहसा नसतो. अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि फाइलचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत टाकून एंटर दाबा. 1925 क्रमांकाची एरर याच अपुऱ्या अधिकाराची असते. सेटअप 16 बिटचा असेल, तर 64 बिट विंडोजवर तो सहसा चालतच नाही. तिथे परवानग्यांशी झटापट करण्यात वेळ घालवू नका.

इन्स्टॉल करताना जागा विचारली, की ‘प्रोग्रॅम फाइल्स’ सोडा आणि सी ड्राइव्हवर थेट नवा फोल्डर द्या, उदाहरणार्थ ‘जुने’. तिथे साध्या युजरलाही लिहिता येतं. निम्म्याहून जास्त कटकट इथेच मिटते, म्हणून आमचा पहिला सल्ला नेहमी हाच.

प्रोग्रॅम आधीच ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसला असेल, तर एक फसवा प्रकार होतो. जुन्या 32 बिट प्रोग्रॅमला विंडोज नकार देत नाही. त्याने लिहिलेली फाइल गुपचूप युजरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये नेऊन ठेवते. सहा महिने नोंदी नीट चालतात. मग कुणीतरी तोच प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून उघडतो, त्याला मूळ फोल्डरमधली जुनी फाइल दिसते आणि सगळ्या नोंदी गेल्या असं वाटतं. दुसऱ्या खात्यातून उघडलं तरी तेच. घाबरू नका आणि आधी काहीही पुसू नका: व्हर्च्युअलस्टोअर उघडा, तारीख बघून ताजी फाइल शोधा, तिची एक प्रत बाजूला ठेवा. मूळ जागी टाकण्याआधी व्हर्च्युअलस्टोअरमधली फाइल तिथून हलवा, नाहीतर साध्या युजरला तीच दिसत राहील.

पुढे असं होऊ नये म्हणून प्रोग्रॅमच्या डेटा फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट. ‘युजर्स’ निवडा, ‘मॉडिफाय’वर टिक करा, ओके. ‘फुल कंट्रोल’ची गरज नसते. संपूर्ण ‘प्रोग्रॅम फाइल्स’ला तर ही परवानगी कधीच देऊ नका, कारण मग कुठलाही व्हायरस तिथल्या प्रोग्रॅमची फाइल बदलू शकतो. युजर अकाउंट कंट्रोल बंद करणं हाही उपाय नव्हे. त्यामुळे एका प्रोग्रॅमसाठी सगळी मशीन उघडी पडते.

तरीही अडलं, तर मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘प्रोसेस मॉनिटर’ (प्रोग्रॅम कुठल्या फाइलला हात लावतो ते दाखवणारं साधन) चालू करून प्रोग्रॅम उघडा आणि रिझल्टच्या रकान्यात ‘ॲक्सेस डिनाइड’ असलेल्या ओळीच तेवढ्या फिल्टर लावून बघा. पाथच्या रकान्यात नेमकी फाइल किंवा रजिस्ट्रीची (विंडोज जिथे सेटिंग साठवतं तिथली) की, म्हणजे नोंद, सापडेल. परवानगी तेवढ्यालाच द्या.