सुपर ८ चं पहिलं रीळ: कॅमेरा तपासण्यापासून लॅबपर्यंत

कोडॅकने १९६५ साली आणलेली सुपर ८ ही ८ मिलिमीटर रुंदीची फिल्म कार्ट्रिजमध्ये बंद येते. अंधारात हाताने ओवावी लागत नाही, म्हणून नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. कार्ट्रिजमध्ये फिल्म असते ५० फूट. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने ती ३ मिनिटं २० सेकंद पुरते, २४ ने अडीच मिनिटं. आवाज वेगळा, मोबाइलवर घ्या.

जुना कॅमेरा विकत घेताना लगेच पैसे देऊ नका, आधी सेल घालून बघा. बहुतेकांना पेन्सिल सेल लागतात. सेलच्या कप्प्यात हिरवट थर दिसला तर कापसाला व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण सुकू द्या. दार उघडं ठेवून बटण दाबा: मोटरचा आवाज एकसारखा हवा, कार्ट्रिजच्या खोबणीतली चकती फिरायला हवी. कॅमेरा खिडकीकडून अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळवला की व्ह्यूफाइंडरमधला एक्सपोजरचा काटा हलला पाहिजे. शेवटी लेन्समधून टॉर्च मारून बघा. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी हमखास सापडते. तसा कॅमेरा सोडून द्या. घेतलेला कॅमेरा सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा.

पहिल्या रिळासाठी कोडॅकची व्हिजन३ २००टी ही रंगीत निगेटिव्ह घ्या (टी म्हणजे बल्बच्या उजेडासाठी बनवलेली). जुने कॅमेरे बऱ्याचदा फिल्मचे ४० आणि १६० हेच वेग, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ओळखतात. २०० ची फिल्म १६० धरली गेली तर थोडा जास्त उजेड मिळतो, आणि निगेटिव्ह तो सहज पचवते. बाहेर चित्रीकरण करताना फिल्टरचं बटण सूर्याच्या चिन्हावर ठेवा. बल्बवर राहिलं तर चित्र निळं पडतं, आणि ही चूक फार जणांकडून होते. फ्रिजमधली फिल्म बंद पाकिटातच दोन-तीन तास बाहेर ठेवा, नाहीतर तिच्यावर दव धरतं.

बेळगावजवळच्या राजहंसगडावर माणसाचं चित्र घेताना अर्धी फ्रेम आभाळाने भरते. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्या उजेडाला भुलतो आणि चेहरा काळा पडतो. कॅमेरा खाली तांबड्या मातीकडे वळवा, एक्सपोजर लॉक करा, मग चौकट धरा. फोकससाठी झूम पूर्ण आत न्या, डोळे स्पष्ट करा, मग मागे या. त्याआधी आयपीस (डोळा लावायचं भिंग) आपल्या नजरेला जुळवून घ्या, नाहीतर बाकीची मेहनत वाया.

१८ फ्रेमने सहा-सहा सेकंदांचे साधारण ३० शॉट बसतात. यादी कागदावर आधीच लिहा. शॉट सुरू असताना झूम हलवू नका. बेळगावातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, पण तो विषय दुसऱ्या रिळासाठी ठेवा. त्याला ५००टी ही जास्त संवेदनशील फिल्म आणि मोठ्या शटरचा, म्हणजे जास्त उजेड आत घेणारा कॅमेरा लागतो.

चित्रीकरणात मोटर अडली तर कार्ट्रिज काढून हलकेच टिचकी मारा आणि परत बसवा. उजेड लागून काही फ्रेमच जातात, मात्र फूट मोजणारा आकडा शून्यावर येतो, म्हणून आधीचा आकडा लिहून ठेवा. रीळ संपल्यावर फिल्मवरच ‘एक्सपोज्ड’ असं छापलेलं दिसतं.

लॅबला आधी विचारा: सुपर ८ धुता का, स्कॅन कोणत्या रिझोल्यूशनला करता? कार्ट्रिजवर फिल्मचं नाव, फ्रेमचा वेग आणि तारीख लिहा. सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) विमानाने नेत असाल तर चेक-इन बॅगेत टाकू नका, तिथल्या एक्स-रेने फिल्म धुरकट होते. हातात ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा.